पलीकडची बाई

मरण झालेल्या घरात कसं बसायचं, हे मोठीला कुणी शिकवलं नव्हतं. काम करता करता ती शिकली होती. खुर्ची पुढे केली तरी घ्यायची नाही, जमिनीवर बसायचं. पिशवी उघडायची नाही. आधी पाणी मागायचं आणि पूर्ण प्यायचं, कारण ज्यानं पाणी दिलं तोच आधी बोलायला लागतो. मग 'काय झालं' एवढंच विचारायचं आणि 'बरं, मग?' म्हणत राहायचं. 'का' विचारायचं नाही. 'का' म्हटलं की माणूस आतून कडी लावून घेतं.

वस्तीत एखादी बाळंतीण गेली की तिथल्या आरोग्यसेविकेनं त्या घरी जाऊन हे सगळं ऐकून यायचं, असा नियमच होता. ताप कधी आला, कुणाच्या लक्षात आला, कुणाला बोलावलं, गाडी कधी मिळाली. एका घरात चुकलं ते दुसऱ्या घरात चुकू नये, यासाठी हा खटाटोप. मोठीनं अशी कितीतरी घरं केली होती.

आज घर तिचंच होतं. पाणी तरी कुणाला मागणार? तिनं आपल्याच हातानं पेला भरला, पुढच्या खोलीत भिंतीशी बसली आणि घोट घोट पाणी प्यायली. सगळे तिच्याकडे बघत होते.

गेली ती तिची धाकटी जाऊ. पोरगी होऊन आठवडाही झाला नव्हता. ती पोरगी आता नणंदेच्या मांडीवर झोपली होती. नणंद सकाळच्या बसनं आली होती आणि आल्यापासून घराचा कारभार तिनं हातात घेतला होता. सासूबाई खाटेवर बसून होत्या. मोठीचा नवरा, घरातला थोरला, दाराजवळच्या स्टुलावर होता. जणू आत्ता उठून सुतारीच्या कारखान्यात जायचं आहे. आणि धाकटा, जिची बायको गेली तो, उंबऱ्याजवळ गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. दाढी वाढली होती. गेल्या काही दिवसांत तो कुणाशी चार शब्द बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

दुपारी मामा यायचा होता. म्हणजे धाकटीचा भाऊ. बस चालवायचा. त्यानं फोनवर सांगून ठेवलं होतं की चौकशीत जे निघेल ते आपण समोर बसून ऐकणार, आणि मूल कुठे राहायचं ते त्यानंतर ठरवणार. त्याची आई नातीसाठी डोळे लावून बसली होती. माझ्या बहिणीची हेळसांड झाली असेल तर पोरगी या घरात ठेवणार नाही, असं तो म्हणाला होता. आवाज चढवला नव्हता, हेच थोरल्याला जास्त लागलं होतं.

खरं तर ही चौकशी मोठीनं करायचीच नव्हती. स्वतःच्या घरी मरण झालं तर शेजारच्या वस्तीतल्या सेविकेनं येऊन विचारायचं, असं आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंनी सांगितलं होतं. शेजारची वस्ती म्हणजे मोठ्या रस्त्याच्या पलीकडची, आणि तिथली सेविका म्हणजे चष्मेवाली. मोठीनं चटकन म्हटलं, नको, मीच विचारते, माझी माणसं मला सांगतील. सिस्टरबाईंच्या डोक्यावर दहा कामं. त्या बरं म्हणाल्या. घरी हे कळल्यावर थोरल्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. त्या रात्री तो जेवलाही.

"आता यात विचारायचं काय आहे, वहिनी?" नणंदेनं सुरुवात केली. "ताप आला त्या दिवशी सकाळी. गाडी आणली दुपारी. दवाखान्यात नेलं, त्यांनी घालवलं. झालं."

"वन्सं, तुम्ही इथे नव्हता."

"मी नव्हते म्हणूनच मला सगळं नीट माहीत आहे. इथे होते त्यांची तर दातखीळ बसलीय."

थोरल्यानं तेच सांगितलं. त्या सकाळी ताप, लगेच गाडी. शाळेत पाठ केलेली कविता म्हणावी तसं सांगितलं, मधे एक ओळ विसरला तर नणंदेनं पुरवली. मोठी 'बरं, मग?' म्हणत गेली. त्या दिवसांत ती प्रशिक्षणासाठी शहरात होती, ते तिला आठवत होतं. रोज संध्याकाळी ती घरी फोन करायची आणि रोज थोरला म्हणायचा, सगळं ठीक आहे, तू शिकून ये. ती परतली तेव्हा दारात गाडी उभी होती आणि धाकटीला उचलून आत ठेवत होते. धाकटीचे ओठ काळे पडले होते. दवाखान्यातला डॉक्टर मोठीला बाजूला घेऊन म्हणाला होता, बाई, हे आजचं नाही, विष अंगात भिनायला वेळ लागतो. मोठीनं ते ऐकून घेतलं होतं आणि घरी कुणाला सांगितलं नव्हतं. आपली माणसं सकाळी म्हणतात तर सकाळीच असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी तिनं असं ऐकून घेतलं नसतं.

सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "थोरला म्हणतो तसंच," आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. या सासूबाई एके काळच्या वस्तीतल्या सुईण. अर्धी वस्ती त्यांच्या हातावर जन्मलेली. दवाखाना झाला, मोठी सेविका झाली, तशा त्या मागे सरल्या. एकदा मोठीला म्हणाल्या होत्या की आता हे हात फक्त कणीक मळायला. हसत म्हणाल्या होत्या, पण बरेच दिवस घरात कणीक त्यांनी मळली नव्हती.

उरला धाकटा.

"भावोजी," मोठी म्हणाली, "काय झालं ते सांगा."

धाकट्यानं मान वर केली. "वहिनी, तुम्ही खरंच विचारताय, की विचारलं म्हणायला विचारताय?"

नणंद काहीतरी बोलणार होती, पण मांडीवरची पोरगी कुरकुरली आणि तिला पोरीकडे बघावं लागलं.

"खरंच विचारतेय," मोठी म्हणाली.

मग तो बोलला. एकदा धरण फुटलं की पाणी वाट विचारत नाही. धाकटी बाळंत होऊन दवाखान्यातून घरी आली त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. पोट दुखतं म्हणाली. आईनं कपाळाला हात लावला आणि दूध उतरताना येतो तसा ताप आहे, उद्या जाईल, म्हणाली. उद्या तो गेला नाही. ती भलतंच बोलायला लागली, मधेच शुद्धीवर यायची. शुद्धीवर आली की एकच सांगायची.

"काय?"

"पलीकडच्या बाईला बोलवा. रस्ता ओलांडला की तिचं दार. तिच्याकडे ताप बघायची नळी आहे, गाडीचा नंबर आहे."

"मग?"

"मग नाही बोलावलं."

मोठीच्या तोंडून निघून गेलं, "का?"

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता. असता तर मोठीला सोपं गेलं असतं.

"तुम्हाला राग येईल म्हणून," तो म्हणाला.

उत्तर इतकं साधं होतं की आधी मोठीला ते कळलंच नाही. मग थोरला स्टुलावरून बोलला. आता लपवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्याचा आवाज एकदम मोठा झाला.

"आता डोळे काय फाडतेस? घरात सेविका असताना आम्ही पलीकडचीला हाक मारली असती, तर तू आल्यावर या घरात कुणाला उभं केलं असतंस? नळावर काय बोललीस ते विसरलीस?"

विसरली नव्हती. पावसाळ्याआधीची गोष्ट. धाकटीला चौथा महिना होता. नळावर चष्मेवालीनं तिचा चेहरा पांढरा दिसतो म्हणून आपल्या पिशवीतल्या रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. मोठीच्या गोळ्या त्या महिन्यात केंद्रातून आल्याच नव्हत्या. पण सेविकांमध्ये एक न बोललेला रिवाज होता. प्रत्येकीची आपली वस्ती, आणि दुसरीच्या वस्तीत न सांगता हात घालायचा नाही. शेताच्या बांधासारखं. मोठी तरातरा नळावर गेली आणि बायकांसमोर म्हणाली, माझ्या घरच्या बाईला गोळ्या द्यायला मी अजून जिवंत आहे, पुन्हा रस्त्याच्या अलीकडे दिसलीस तर बघ. आणि घरी येऊन धाकटीला म्हणाली, माझ्या तोंडाला काळं फासायचं असेल तर जा तिच्याकडे. धाकटी रडली होती. दोन दिवसांनी दोघी पुन्हा एका ताटात जेवल्या होत्या. मोठीच्या लेखी ते तिथेच संपलं होतं.

"मी तिथून फोन करत होते रोज," ती म्हणाली. "मला तरी सांगायचं."

"सांगून काय केलं असतंस? प्रशिक्षण टाकून आली असतीस," थोरला म्हणाला. त्याचा आवाज उतरला. "आई म्हणाली दुधाचा ताप आहे. मला वाटलं, तू येशीलच दोन दिवसांत. घरचं माणूस येतंय, बाहेरचं कशाला."

तेवढ्यात नणंदेनं सगळ्यांना भानावर आणलं. बोललात ते बोललात, म्हणाली, पण हे चार भिंतींतच राहू द्या. आपलेच दात, आपलेच ओठ. विचारणारी घरचीच आहे, सकाळचा ताप म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं. मामाला हे कळलं तर पोरगी गेलीच म्हणून समजा, आणि मग धाकट्यानं कुणाच्या तोंडाकडे बघून जगायचं? सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या. नणंदेचं बोलणं वाईट नव्हतं, हीच त्यातली अडचण होती. तिनं मांडीवरच्या पोरीला ज्या हातानं थोपटलं तो हात खोटा नव्हता.

मोठी उठली. तिनं चपला घातल्या.

"कुठे निघालीस?" थोरला म्हणाला.

"रस्त्यापलीकडे. तिला बोलावते. विचारायचं काम तिचं होतं, मी ओढून घेतलं."

थोरला दारात आडवा हात धरून उभा राहिला. झाकली मूठ आहे, म्हणाला. मामा येईपर्यंत शांत बस. मोठीनं लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याचा हात कधी बाजूला केला नव्हता.

"अहो, माझंच मला विचारता येत नाही," ती म्हणाली. "इतकंच आहे. बाजूला व्हा."

"मूल गेलं तर याला काय तोंड दाखवशील?" त्यानं भावाकडे बोट केलं.

"वहिनींना जाऊ दे, दादा," धाकटा म्हणाला.

थोरल्यानं दार सोडलं.

मोठा रस्ता ओलांडायला मोठीला वेळ लागला. गाड्या जात होत्या, पण त्यामुळे नव्हे. पलीकडची गल्ली तिच्या गल्लीसारखीच होती, तसेच पत्रे, तशाच पायऱ्यांवर वाळत घातलेल्या उशा. तरी तिला वाटलं सगळी दारं आपल्याकडे बघतायत. चष्मेवाली आपल्या दारात एका तान्ह्याचं वजन करत होती. काटा चौकटीला टांगला होता, खाली झोळीत मूल. तिनं मोठीला पाहिलं, पण आधी काट्याकडे नीट बघून घेतलं, मूल आईच्या हातात दिलं, वाढ चांगली आहे म्हणून सांगितलं, आणि मग चष्मा पुसला.

"ये," ती म्हणाली. "मला वाटलं, माझी एक खेप वाचली. सिस्टरबाई म्हणाल्या तूच विचारतेयस."

मोठीनं उभ्या उभ्याच सांगितलं. ताप, हुडहुडी, धाकटीचं मागणं, आणि तिला बोलवायला कुणी का आलं नाही ते. काही गाळलं नाही. चष्मेवाली पायरीवर बसली. नळावरचं उट्टं काढायला तिला याहून चांगली वेळ मिळाली नसती, आणि ती काढेल असं मोठीला वाटत होतं. काढलं असतं तर तिला बरंही वाटलं असतं.

"तू प्रशिक्षणाला जाताना तुझी वस्ती कुणावर सोपवून गेलीस?" चष्मेवालीनं विचारलं.

"कुणावरच नाही. तुझ्यावर सोपवायची होती. मी तुला सांगितलंच नाही."

"हं." चष्मेवालीनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मग माझंही ऐक. मला कळलं होतं. नळावर बायका बोलत होत्या की तुमच्या धाकटीला थंडी वाजून ताप येतोय. बाळंतिणीला थंडी वाजते म्हणजे काय, ते मला कळत नाही का? मी पिशवी घेऊन रस्त्यापर्यंत आले. तिथे उभी राहिले. म्हटलं, जायचं आणि अपमान करून घ्यायचा? तिच्या घरात तीच आहे, बघेल ती. तू गावाला गेलीयस हे मला ठाऊक नव्हतं. आणि मी परत फिरले."

वजन करून गेलेल्या मुलाची आई पिशवी विसरली म्हणून परत आली, दोघींचे चेहरे बघून पिशवी उचलून न बोलता निघून गेली.

"मग आता विचारणार कोण?" मोठी म्हणाली.

"विचारेन मीच. पण आधी माझं सांगेन." चष्मेवालीनं काटा काढून घरात ठेवला आणि दाराला कडी घातली. "चल."

त्या पोचल्या तेव्हा मामा येऊन बसला होता. घरातली एकुलती एक खुर्ची त्याला दिली होती. अंगावर कामाचाच खाकी सदरा. गाडी आगारात लावून तसाच आला होता. नणंदेनं त्याला चहा दिला होता, तो तसाच थंड होत होता. मोठीच्या मागून चष्मेवाली आत आली तसं सासूबाईंनी डोकं वर केलं. या घरात ती पहिल्यांदाच येत होती. दोघी भिंतीशी जमिनीवर बसल्या.

चष्मेवालीनं आधी आपलं सांगितलं, रस्त्यापर्यंत येऊन परत फिरल्याचं. मग मोठीनं आपलं. मामा ऐकत होता. मधे एकदा तो खुर्चीवरून उतरला आणि खाली बसला, एवढंच.

"आता मला सांगा," चष्मेवाली बाकीच्यांना म्हणाली, "ताप पहिल्यांदा कुणी पाहिला?"

थोरल्यानं तोंड उघडलं. नणंदेनं त्याच्याकडे बघितलं. आणि खाटेवरून सासूबाई बोलल्या.

"मी. ती घरी आली त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी. कपाळाला हात मीच लावला." त्यांनी तो हात पुढे धरला, जणू कुणाला तपासायला द्यायचा आहे. "माझ्या हाताला कळलं होतं. दुधाचा ताप असा चटके देत नाही. अशा दोन बायका मी पाहिल्यात, माझ्या काळात. दोघी गेल्या. पण मी मनाला म्हटलं, इतक्या वर्षांनी घरात मला कुणी विचारतंय, आणि मी म्हणू की मला जमत नाही, दुसरीला बोलवा? म्हणून म्हटलं, दुधाचा आहे."

मोठीला वाटलं, आपण उठावं आणि त्यांच्याजवळ जाऊन बसावं. ती उठली नाही. अजून चौकशी संपली नव्हती आणि मामा समोर होता. चष्मेवाली शांतपणे एकेक विचारत गेली, थोरल्याला, धाकट्याला. थोरल्यानं यावेळी कविता म्हटली नाही. फोनवर सगळं ठीक आहे म्हणालो ते खोटं होतं, हे सांगताना तो मामाकडे बघू शकला नाही, आपल्या हातावरच्या रंध्याच्या घट्ट्यांकडे बघत राहिला. नणंदेकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. तिनं डोळे पुसले आणि पोरीच्या अंगावरचं पांघरूण उगाच सारखं केलं.

सगळं सांगून झाल्यावर मामा म्हणाला, "म्हणजे तिला कळत होतं. आणि ती सांगत होती."

"हो," धाकटा म्हणाला.

मामानं तोंडावरून हात फिरवला. कुणी मारामारीची, कुणी शिव्यांची वाट बघत होतं. तसं काही झालं नाही. तो उभा राहिला आणि पोरगी आपण नेतोय म्हणाला. आई वाट बघतेय. तुम्ही खरं सांगितलंत, ते मी आईलाही सांगेन. पण आत्ता या घरात तिला ठेवायला माझं मन होत नाही. मग तो धाकट्याला म्हणाला, "दाजी, तुम्हीही चला. बाप आहात तुम्ही तिचे."

धाकट्यानं भावाकडे पाहिलं. मग धाकटा उठून आत गेला आणि दोन सदरे पिशवीत घालून आला.

नणंदेच्या मांडीवरून पोरगी काढून घेणं कुणालाच जमेना. शेवटी मोठीनंच ती उचलली. कपड्यात नीट गुंडाळली, डोकं झाकलं, तोंड मोकळं ठेवलं. बाहेर मामानं आणलेली रिक्षा उभी होती. मोठी पायरी उतरली आणि रोज परक्या घरी सांगायची तेच सांगू लागली. पावडरचं दूध उकळून गार केलेल्या पाण्यात करायचं. बाटली नको, वाटी आणि चमचा घ्या, घाई करायची नाही. अंघोळ रोज नको, अंग ऊबदार ठेवा. मामा रिक्षात बसून ऐकत होता, रस्ता समजून घेतोय तसा. धाकटा त्याच्या शेजारी बसला. मोठीनं पोरगी त्याच्या हातात दिली, त्याची कोपरं धरून कशी घ्यायची ते दाखवलं.

थोरला दारात होता. त्याच्या मागे सासूबाई भिंतीला धरून आल्या होत्या.

"आणि हिला ताप आला तर?" मामानं विचारलं. "आमच्या वस्तीतली सेविका मला माहीत नाही. तुम्हाला फोन करू, ताई?"

मोठीला हो म्हणावंसं वाटलं. त्या एका फोनानं पोरगी थोडीशी आपली राहिली असती.

"नको," ती म्हणाली. "जी जवळ असेल तिला हाक मारा. कुणीही असो. मला विचारत बसू नका."